वाड्यात न बोललेलं

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातून जातो आणि पैनगंगा ओलांडून तेलंगणात उतरतो. तालुक्याला नाव केळापूरचं असलं तरी कचेऱ्या आणि बाजारपेठ पांढरकवड्याला आहेत. काळी जमीन, बहुतेक कोरडवाहू, कापूस आणि तुरीची. मधूनमधून कोलाम आणि गोंडांच्या वस्त्या आणि एका बाजूला टिपेश्वरचं जंगल. या तालुक्याला पश्चिमेकडून घाटंजी तालुका लागून आहे आणि त्यात पारवा हे गाव. महेश एलकुंचवार यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1939 रोजी या पारव्याला, मूळच्या तेलुगू मुलखातून आलेल्या एका जमीनदार घराण्यात झाला. पुढे त्यांचं सारं आयुष्य नागपुरात गेलं, नाटकं मुंबई-पुण्यात गाजली, त्यांची भाषांतरं इंग्रजी-हिंदीसह अनेक भाषांत झाली. तरीही त्यांच्या लेखनाची घडण समजून घ्यायची असेल तर या कापसाच्या पट्ट्यातल्या मोठ्या घरांकडे पाहावं लागतं. त्या घरांत काय बोललं जाई, याहून काय बोललं जात नसे, हे एलकुंचवारांच्या शैलीचं मूळ आहे. ते नाटककार आहेत, पण त्यांची पद्धत उत्तम कथाकाराची आहे. कथाकार जसा एखाद्या वस्तूवर आणि एखाद्या गाळलेल्या वाक्यावर सगळा भार टाकतो, तसा ते टाकतात. आणि त्यांचं हे मौन परदेशी वाङ्मयातून उचललेलं नाही, ते एका विशिष्ट समाजरचनेतून आलेलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं सहज पटण्यासारखं नाही, कारण एलकुंचवारांची सुरुवात मौनाची नाही. लहान वयात शिक्षणासाठी घर सुटलं. नागपूरला इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, तिथेच महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले. साठच्या दशकाच्या मध्यावर विजय तेंडुलकरांचं, विजया मेहतांनी बसवलेलं ‘मी जिंकलो, मी हरलो’ त्यांनी पाहिलं. सिनेमाची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून ते त्या नाटकाला गेले होते, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. त्या रात्रीनंतर आपण नाटकच लिहायचं, हे ठरलं. 1967 मध्ये त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात आली आणि विजया मेहतांच्या नजरेला पडली. त्यानंतरच्या ‘होळी’, ‘यातनाघर’, ‘गार्बो’, ‘वासनाकांड’ या कृतींमध्ये माणसं भरपूर बोलतात, ओरडतात, एकमेकांना ओरबाडतात. ‘होळी’त होळीची सुट्टी न मिळालेली वसतिगृहातली मुलं आपल्यातल्याच एका दुबळ्या मुलाला मरणापर्यंत रेटतात. ‘वासनाकांडा’चा विषय इतका उघडा होता की परिनिरीक्षण मंडळाशी झगडावं लागलं. त्या वेळच्या मराठी रंगभूमीला हा मोकळेपणा हवा होता आणि एलकुंचवारांनी तो धाडसानं दिला. पण या नाटकांतलं जग कुठेही असू शकलं असतं. माणसं शहरी, मुळं तुटलेली. त्यांच्या मागे जमीन नाही, आजी नाही, देवघर नाही. बोलायला त्यांना अडवणारं काही नसल्यामुळे ती बोलतात.

या काळातलं एक नाटक मात्र वेगळी दिशा दाखवतं. 1976 च्या ‘पार्टी’त दमयंती राणे यांच्या घरी एका ज्येष्ठ लेखकाच्या सन्मानार्थ मेजवानी आहे. शहरातले सगळे सुसंस्कृत लोक जमले आहेत, आणि सारी संध्याकाळ ते न आलेल्या एका माणसाबद्दल बोलत राहतात. हा अमृत कवी आहे. लेखन सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेला आहे. नाटकभर तो रंगमंचावर येत नाही, पण त्याच्या नसण्याच्या उजेडात बाकीचे सगळे उघडे पडतात. गोविंद निहलानी यांनी 1984 मध्ये यावर केलेला चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. जे महत्त्वाचं आहे ते समोर आणायचं नाही, त्याच्याभोवतीची माणसं दाखवायची, ही युक्ती एलकुंचवारांच्या हाती इथे लागली. तिला खरी जागा मिळाली नऊ वर्षांनी, जेव्हा ते लेखक म्हणून विदर्भातल्या घरात परतले.

‘वाडा चिरेबंदी’ 1985 मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. धरणगावचे देशपांडे. घरातले कर्ते तात्याजी नुकतेच वारले आहेत आणि तेरावं व्हायचं आहे. मुंबईहून सुधीर आणि त्याची बायको अंजली आली आहेत. गावी थोरला भास्कर, वहिनी, त्यांची मुलं पराग आणि रंजू, अविवाहित चंदू, अविवाहित प्रभा, आई, आणि पार थकलेली दादी. कथानक म्हणून सांगायला फारसं काही नाही. तेराव्याचा खर्च कसा भागवायचा आणि दागिन्यांचं काय करायचं, एवढेच प्रश्न. पण नाटककारानं काळाची निवड किती अचूक केली आहे ते पाहावं. सुतकाचे दिवस म्हणजे घरात सगळे एकत्र असतात, बाहेर जाता येत नाही, आणि खरं बोलायला रीत आडवी येते. वाटणीचा विषय मनात सगळ्यांच्या आहे, पण बापाचं तेरावं होण्याआधी तो काढणारा हलका ठरणार. म्हणून बोलणं होतं ते जेवणावळीत किती पानं उठतील याचं, मुंबईच्या गाडीचं, वडिलांच्या आठवणींचं. पैशाचा विषय त्याच्या खालून वाहत राहतो. श्राद्ध, पिंड, जेवणावळ यांचं जे वेळापत्रक मराठी घराला पाठ आहे, तेच नाटकाचा सांगाडा होतं. वेगळी रचना शोधण्याची गरजच उरत नाही.

आता वस्तू पाहू. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तो चालत नाही, आणि विकलाही जात नाही. त्याच्याबद्दल कुणी भाषण करत नाही. माणसं येता-जाता त्याला वळसा घालतात, अंधारात अडखळतात. नव्या शेतीत उडी घेण्याचा प्रयत्न झाला होता, तो फसला, आणि फसल्याचं कबूल करण्याची ताकद घरात नाही, एवढा इतिहास त्या एका लोखंडी धुडात सामावला आहे. दुसरी वस्तू दागिन्यांची पेटी. सगळ्या घराची पत आणि सगळ्या घराची भीती त्या पेटीत आहे. रात्री भास्कर आणि वहिनी ती उघडतात आणि वहिनी ते जुने दागिने अंगावर घालून पाहते, हा प्रसंग मराठी रंगभूमीवरच्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक आहे, असं मी निःशंकपणे म्हणेन. आयुष्य चुलीपुढे घालवलेल्या बाईला क्षणभर आपण या घराची लक्ष्मी होतो हे कळतं, आणि ते दुसऱ्यांचा वाटा बळकावून ठेवण्याच्या क्षणीच कळतं. तिच्या आनंदाचा आणि तिच्या अपराधाचा क्षण एकच आहे. नाटककार तिला दोष देत नाही, तिची बाजूही मांडत नाही. पुढे रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते आणि पेटी घेऊन जाते. रंजू परत आणली जाते, दागिने परत येत नाहीत. ज्या संपत्तीसाठी सगळे एकमेकांपासून मनं लपवत होते ती संपते, आणि तरीही लपवणं संपत नाही.

माणसांमध्ये या मौनाचे दोन टोकांचे वाहक आहेत. एक दादी. मुलगा गेल्याचं तिच्या ध्यानात राहत नाही. ती व्यंकटेशला, म्हणजे गेलेल्या तात्याजींना, हाका मारते, किती वाजले विचारते. तिला कुणी पुन्हा सांगत बसत नाही, आणि तिची हाक अनुत्तरित राहते. दुसरी प्रभा. ती हुशार होती, शिकायला बाहेर जायचं होतं, तात्याजींनी जाऊ दिलं नाही. घराण्याच्या मुलीनं शहरात एकटं राहून शिकायचं, हे त्यांच्या मानात बसलं नाही. आता वय निघून गेलं आहे आणि दागिन्यांतला आपला वाटा घेऊन बाहेर पडावं एवढीच तिची आशा आहे. वाड्यात खरं बोलण्याची हिंमत असलेलं माणूस म्हणजे प्रभाच. पण तिच्या बोलण्याला किंमत नाही, कारण लग्न न झालेल्या मुलीला या रचनेत जागाच नाही. चंदूचं तर त्याहून अवघड. तो राबतो, सगळ्यांच्या हाकेला धावतो, आणि आपल्याला काय हवं होतं हे तो स्वतःलाही विचारत नाही. सत्ता असलेली माणसं सोय म्हणून गप्प आहेत, सत्ता नसलेल्यांचं कुणी ऐकत नाही. एलकुंचवारांच्या संवादांतलं मौन असं वेगवेगळ्या जातीचं आहे, आणि प्रत्येकाचं कारण घरातल्या त्या माणसाच्या जागेत सापडतं.

घरातली जागा जमिनीवर उभी होती, म्हणून थोडं जमिनीकडे वळायला हवं. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आलं, आणि काळ्या जमिनीची मालकी ही या भागातली सर्वांत मोठी सत्ता झाली. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. विदर्भासाठी 1958 चा कूळ कायदा आला, 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, 1975 मध्ये ती मर्यादा आणखी खाली आली. कायद्यांची अंमलबजावणी किती झाली हा निराळा विषय आहे, पण मोठ्या घरांचा कणा त्यांनी वाकवला. उरली ती कोरडवाहू जमीन, जिच्यात पावसानं दगा दिला तर वर्षभराचं गणित कोसळतं. अशा वेळी जे घर व्यापारात किंवा नोकरीत शिरलं ते सावरलं. देशपांड्यांसारख्या घरांना ते जमलं नाही, कारण स्वतःच्या हातानं काम करणं आणि पैशाचा हिशेब उघडपणे मांडणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या मोठेपणाच्या कल्पनेत बसत नव्हत्या. उत्पन्न नाही, पण गावजेवण घातलंच पाहिजे. त्यासाठी वाड्याचा काही भाग विकण्यापर्यंत गोष्ट येते. ज्या घराचा मोठेपणा हिशेब न बोलण्यावर उभा होता, ते घर हिशेब करण्याची वेळ आल्यावर मुकं होणारच. एलकुंचवारांच्या शैलीचं आर्थिक मूळ हे आहे. एखाद्या समाजशास्त्रज्ञाला त्यासाठी ग्रंथ लिहावा लागेल. नाटककारानं ते एका न विकल्या गेलेल्या ट्रॅक्टरमध्ये दाखवलं.

इथे एका अमेरिकन कथाकाराशी तुलना उपयोगी पडते. रेमंड कार्व्हर 1938 चा, एलकुंचवारांपेक्षा वर्षभरानं मोठा. वडील वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी लाकूडगिरणीत कामाला होते. वेट्रेस, फिरते विक्रेते, नोकरी गेलेले दारुडे ही त्याची माणसं, आणि तोडकी वाक्यं, अर्धवट संवाद, मध्येच थांबलेला शेवट ही त्याची ओळख. 1981 च्या ‘व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह’ या संग्रहानं त्याचं नाव जगभर झालं. त्यातल्या ‘व्हाय डोन्ट यू डान्स?’ या कथेत एक माणूस घरातलं सगळं सामान, पलंगासकट, अंगणात मांडून विकायला काढतो. एक तरुण जोडपं येतं, तिघं पितात, नाचतात. त्याचा संसार कसा मोडला हे कथा सांगत नाही. पुढे ती मुलगी हा प्रसंग लोकांना सांगत सुटते, त्यात आणखी काहीतरी आहे असं तिला जाणवतं, पण ते बोलण्यात पकडता येत नाही आणि ती प्रयत्न सोडून देते. अंगणातलं सामान आणि अंगणातला ट्रॅक्टर. दोन्हीकडे वस्तू बोलते आणि माणूस थांबतो. दोघांचा गुरूही एकच, अंतोन चेखव. कार्व्हरनं 1987 साली चेखवच्या मृत्यूवरच कथा लिहिली.

पण साम्य इथवरच. कार्व्हरचा माणूस गप्प आहे, कारण जे झालं त्यासाठी त्याच्याजवळ शब्द नाहीत. तो एकटा आहे. त्याच्या अंगणात आजी नाही, कुलदैवत नाही, त्याच्या बोलण्यानं कुणाची अब्रू जाणार नाही. देशपांड्यांकडे शब्दांचा तुटवडा नाही. त्यांची सगळी माणसं बोलकी आहेत, टोमणे धारदार आहेत, विनोदबुद्धी जागी आहे. शब्द आहेत आणि ते कधी काढायचे नाहीत याची रीतही आहे. कार्व्हरच्या त्या संग्रहातली काटछाट बरीचशी त्याचा संपादक गॉर्डन लिश यानं केली होती, मूळ मजकूर अर्ध्याहून कमी होईपर्यंत. 2009 मध्ये ‘बिगिनर्स’ या नावानं मूळ कथा छापल्या गेल्या तेव्हा त्या कितीतरी अधिक बोलक्या आणि हळव्या निघाल्या. तिथलं मौन काही अंशी संपादकाच्या पेन्सिलीनं आणलेलं होतं. वाड्यातलं मौन कुणी छाटून आणलेलं नाही, ते घराच्या व्यवस्थेतच मुरलेलं आहे. अमेरिकन कुटुंबनाटकाशी ताडून पाहिलं की हा फरक अधिकच ठसतो. युजीन ओनीलच्या ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’मध्ये एका दिवस-रात्रीत चौघं जण एकमेकांपुढे सगळं ओकून टाकतात. टेनेसी विल्यम्सच्या ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’मध्येही कापसाच्याच मळ्याचा वारसा आहे, आणि बाप-लेक खोटेपणावरून उघड भांडतात. तिथे नाटक मौन फुटण्याकडे जातं. वाड्यात ते फुटत नाही. तेरावं होतं, पाहुणे परततात.

एक आक्षेप सुरुवातीपासून घेतला गेला आहे: हे ‘चेरी ऑर्चर्ड’चं वऱ्हाडी रूप आहे. मोडकळीला आलेलं जमीनदार घराणं, विकायला निघालेली वास्तू, काळाबरोबर न बदललेली माणसं, सगळं चेखवकडे आहे, आणि एलकुंचवार इंग्रजीचे प्राध्यापक, त्यांना चेखव पाठच असणार. ऋण आहे यात वाद नाही, आणि ते मानण्यात कमीपणाही नाही. पण 1904 च्या त्या नाटकात घराला गिऱ्हाईक आहे आणि त्याला चेहरा आहे. भूदासाचा मुलगा लोपाखिन ती बाग लिलावात घेतो आणि कुऱ्हाडी चालवतो. इतिहास तिथे दारातून आत येतो. धरणगावच्या वाड्यात लोपाखिन नाही. वाडा कुणी जिंकून घेत नाही. तो आतून, वाटणीच्या विचारानं, एकमेकांवरच्या अविश्वासानं खचतो. चेखवची बाई घर सोडून पॅरिसला जाऊ शकते. भास्कर कुठे जाणार? त्याला दुसरं काही येतच नाही. आणि सुधीर, जो गेला, तो मुंबईतल्या आपल्या ओढाताणीबद्दल गावी अवाक्षर काढत नाही, कारण गावच्या लेखी तो सुटलेला, सुखी माणूस आहे. हा मुंबई-विदर्भ ताण, कोकणस्थ सुनेकडे पाहण्याची देशस्थ घराची नजर, तेराव्याची सामाजिक सक्ती, यांतलं काहीही रशियातून येऊ शकत नाही. चेखवकडून एलकुंचवारांनी ऐकण्याचा कान घेतला. ऐकलं ते आपल्या घरातलं.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि केळापूरच्या वाचकाला तो आधी सुचेल. हा सगळा शोक मोजक्या जमीनमालक ब्राह्मण घरांचा. त्यांच्या शेतात राबणारे सालदार, कापूस वेचणाऱ्या बाया, कोलाम आणि गोंड, ज्यांच्याकडे गमावायला वाडा नव्हताच, ते या नाटकात कुठे आहेत? वाड्याच्या भिंतीआतली वेदना इतकी बारकाईनं दाखवायची आणि भिंतीबाहेरच्यांना हाकेपुरतं ठेवायचं, हे लेखकाचं आंधळेपण नाही का? या आक्षेपात तथ्य आहे. ते झाकण्याची गरज नाही. पण दोन गोष्टी त्यासमोर ठेवायला हव्यात. एक, एलकुंचवार वाड्याची बाजू घेत नाहीत. प्रभाचं वाया गेलेलं आयुष्य, चंदूची गुलामी, वहिनीची चोरटी रात्र हे सगळं पाहिल्यावर हा वाडा टिकायला हवा होता असं कुणाला वाटेल? आतल्या माणसाला आत काय कुजलं आहे ते जसं दिसतं तसं बाहेरून दिसत नाही, आणि ते सांगण्याला धैर्य लागतं. दुसरं, जे जग आपण जगलो नाही त्याच्या वतीनं बोलणं त्यांनी टाळलं. ‘पार्टी’तला अमृत आदिवासींमध्ये गेला आहे, आणि नाटककार त्याच्यामागे तिथे जात नाही. तो आपल्या मर्यादेत थांबतो. भिंतीबाहेरचं जग लिहिणारा दुसरा लेखक विदर्भाला मिळाला होता. उद्धव शेळके यांच्या 1960 च्या ‘धग’मध्ये गरीब शिंपी कुटुंबाची कौतिक संसाराशी झुंजते, आणि वऱ्हाडी बोली तिथे पूर्ण ताकदीनं कादंबरीची भाषा होते. कौतिक आणि प्रभा एकाच प्रदेशाच्या, शेजारशेजारच्या पिढ्यांच्या. एकीला उपासमार आहे, दुसरीला कोंडमारा. दोघींना एकत्र वाचल्याशिवाय या मुलखाचं अर्धंच चित्र हाती लागतं. कोलाम-गोंडांच्या बाजूनं, त्यांच्या आतून लिहिलेलं तितक्या ताकदीचं नाटक मात्र मराठीला हवं आहे. ती उणीव एका लेखकाच्या माथी मारून भागणार नाही.

तिसरा आक्षेप माझ्या म्हणण्यालाच छेद देतो. ‘वाडा चिरेबंदी’ची पुढे त्रयी झाली. ‘मग्न तळ्याकाठी’मध्ये दहा वर्षं गेली आहेत, घर परागच्या हाती आलं आहे, सुधीरचा मुलगा अभय आणि पराग तळ्याकाठी भेटतात. ‘युगान्त’मध्ये आणखी दहा वर्षांनी तळं आटलं आहे, मुलूख ओसाड झाला आहे, अभय स्वीडनहून परतला आहे, आणि आता माणसं बोलतात, खूप बोलतात. माणूस, निसर्ग, श्रद्धा, संस्कृतीचा ऱ्हास यांवर लांब, जड संवाद आहेत. मौन ही या लेखकाची शैली असेल तर मग हे काय? उत्तराचा एक भाग असा की घर मोडल्यावर रीत मोडली, आणि रीत मोडल्यावर गप्प राहण्याचं कारण संपलं. पराग आणि अभय यांना आता कुणापुढे अब्रू राखायची नाही. त्रयीचा तर्क तसा आहे, आणि 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटकं सलग, आठ-नऊ तासांच्या एकाच प्रयोगात सादर केली तेव्हा तो प्रेक्षकांपुढे अखंड उभा राहिला. पण उत्तराचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. ‘युगान्त’मध्ये अनेकदा पात्रांच्या तोंडून लेखक बोलतो, आणि जिथे तो बोलतो तिथे नाटक पातळ होतं. 2002 चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘युगान्त’ला मिळाला. माझ्या मते त्रयीतलं सर्वांत मोठं नाटक ‘वाडा चिरेबंदी’च आहे, कारण तिथे कल्पना वेगळी उभी करावी लागत नाही, ती पेटीत आणि ट्रॅक्टरमध्ये आहे. ‘युगान्त’चं आटलेलं तळं तेवढं त्या ताकदीचं आहे. पावसावर जगणाऱ्या यवतमाळच्या माणसाला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

नंतरच्या लेखनातही न सांगितलेल्याचा शोध सुटला नाही. 1988 च्या ‘आत्मकथा’मध्ये वृद्ध लेखक अनंतराव राजाध्यक्ष एका तरुण संशोधक मुलीला आपली जीवनकहाणी सांगतात, आणि हळूहळू कळतं की त्यांच्या गाजलेल्या कादंबरीनं बायकोवर आणि तिच्या बहिणीवर काय अन्याय केला, आणि आत्मकथेतही तो लपलेलाच राहतो. लिहिणं हेदेखील झाकण्याचं साधन होऊ शकतं, असं एक मोठा लेखक स्वतःच्या व्यवसायाबद्दल सांगतो आहे. ‘मौनराग’ या ललितलेखांच्या पुस्तकाचं तर नावच पुरेसं बोलकं आहे. आई, बालपण, जुनं घर यांच्याकडे ते त्यात परत जातात. नाटककाराला पात्रांमागे लपता येतं, ललितलेखात ती सोय नसते. तरीही इथलं गद्य आवाज चढवत नाही. दुःखाच्या जवळ आलं की वाक्य आखूड होतं आणि नजर एखाद्या खोलीकडे, एखाद्या झाडाकडे वळते. मराठी कथेला या पुस्तकाकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि नाटककार म्हणून एलकुंचवारांना बाजूला ठेवून कथाकारांनी आपलं नुकसान करून घेतलं आहे. नव्या कथेत आज पात्रं आपल्या मनाचं विश्लेषण स्वतःच करून देतात आणि वाचकाला काही शोधायला उरत नाही. तिथे वहिनीच्या दागिन्यांचा प्रसंग एकदा ओळीनं वाचून पाहावा, आणि त्यात तिनं स्वतःबद्दल किती कमी सांगितलं आहे ते मोजावं.

या नाटकांचे प्रयोग मोठ्या शहरांत होत राहिले, गेल्या दशकातही चंद्रकांत कुलकर्णींनी ‘वाडा चिरेबंदी’ नव्या संचात पुन्हा उभं केलं. पण ज्या मातीतून ते आलं तिथे ते वाचलं जायला हवं. पांढरकवडा, घाटंजी, वणीच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी आणि गावोगावच्या हौशी नाट्यमंडळांनी ते वाचनासाठी हाती घ्यावं. नेपथ्याचा खर्च नको, दहा खुर्च्या पुरतात. भास्करची आणि प्रभाची वाक्यं इथल्या माणसांच्या तोंडून ऐकली की या भाषेची लय छापील पानापेक्षा कितीतरी लवकर समजेल. आणि वाचन झाल्यावर त्याच बैठकीत ‘धग’ची काही पानंही वाचावीत, म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंवर बोलता येईल.